बत्तीस की चौसष्ट?

दहा कॉम्प्युटर टेम्पोत चढवायला तो भंगारवाला आला, तेव्हा मी दारातच उभी होते. चिखलीतल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला निघोज्याच्या एका कंपनीने ते दिले होते. पण बघायला आलेल्या माणसाने सांगून टाकलं होतं, "बत्तीस बिटचे आहेत, नवी सिस्टीम चालणार नाही." आणि आमच्या मुलींची ऑनलाइन परीक्षा नऊ दिवसांवर!

"मॅडम, जरा बाजूला..."

मी हलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे.

"प्रोसेसर कुणी बघितला का? की आतली जुनी सिस्टीम बत्तीसची दिसली, म्हणून सांगितलं?"

"त्यात फरक असतो?"

"थ्री-बीएचकेत एकटा माणूस राहिला, म्हणून फ्लॅट लहान होतो का?"

मला हसूच आलं. त्याने झाकण उघडलं, पंखा उतरवला, चिपवरची करडी पेस्ट रुमालाने हळुवार पुसली. मी टॉर्च धरला. आमची डोकी टेकता टेकता राहिली... मी नंबर वाचला, त्याने मोबाइलवर शोधला.

"चौसष्ट!" तो ओरडलाच. "बाकीचे उद्या बघतो. चिप तापू नये म्हणून याला नवी पेस्टपण लावावी लागेल."

"नाव काय तुमचं?"

"संघर्ष."

"मग सोपं काहीच नसणार!"

दुसऱ्या दिवशी तो पेस्ट आणि पेनड्राइव्ह घेऊन आला. मी दुसरा कॉम्प्युटर चालू केला, त्याने एक बटण दाबलं आणि स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव ठळक उमटलं.

"हे असंही दिसतं?" मी वळले. "मग काल उघडलं कशाला?"

तो गोरामोरा झाला. "पेस्ट लावायच्या निमित्ताने... आज परत येता आलं ना."

मी ओढणीत हसू लपवलं, पण त्याला दिसलंच.

पाच दिवस तो रोज आला. नऊ कॉम्प्युटर चौसष्टचे निघाले. दहावा खरोखरच बत्तीसचा. त्याच्यासाठी त्याने एक हलकी सिस्टीम शोधून आणली.

रविवारी दहाही स्क्रीन उजळल्या. त्याआधी कधी माऊस न धरलेल्या आमच्या मिनलने सराव परीक्षा सगळ्यांत आधी पूर्ण केली, आणि अभ्यासिका टाळ्यांनी दणाणली.

"चला, इथलं काम संपलं..." तो दाराशी पुटपुटला.

"कुणी सांगितलं? घरी चहाला ये. आईला तुझ्याबद्दल सांगितलंय."

माझं 'तुम्ही' कुठे गेलं, मलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"काय म्हणून सांगितलंय, आम्रपाली?"

मी सगळ्या मुलींदेखत त्याचा हात हातात घेतला.

"हे म्हणून."

यावेळी टाळ्या मिनलच्या वेळेपेक्षा जास्त पडल्या.