शेवटची दहा मिनिटं

"या मशीनच्या पोटात मांजर अडकलंय," तो म्हणाला, आणि मी चक्क किंचाळले!

मांजर कसलं... ड्रायरच्या मागच्या पाइपातून त्याने कपड्यांवरून झडलेल्या तुसाचा हा एवढा करडा गोळा ओढून काढला होता. दुरुस्तीला आलेला माणूस, पहिलीच भेट, आणि डोळ्यांत खट्याळ हसू.

"दोन-दोन तास फिरवूनही कपडे ओले राहतात ते यामुळे. गरम हवा कपड्यांतलं पाणी उचलते आणि इथून बाहेर पडते. वाटच तुंबली तर ती जाणार कुठे? शिवाय हे तूस पेटायला एक ठिणगी पुरते. तूस अडवणारी जाळी रोज साफ करता ना?"

"रोज!" मी ठासून सांगितलं. "म्हणजे... रोज आठवते."

तो खो खो हसला. मला मात्र धडकी भरली होती. मी जन्माची भित्री! लॉन्ड्री माझ्या मावशीची. दुपारी ती मागच्या खोलीत झोपायची, मशीनचा आवाज नको म्हणून कानात कापसाचे बोळे घालून. त्या खोलीला बाहेर यायला वाट एकच, दुकानातून. इथे आग लागली तर मावशीचं काय? त्या दिवसापासून हा किडा डोक्यातून जाईना.

मशीनला कान लावून ऐकतो म्हणून मावशीने त्याचं नाव 'डॉक्टर' ठेवलं. मशीन ठणठणीत झालं तरी डॉक्टरांच्या फेऱ्या चालूच! मीही प्रश्न जमवून ठेवायचे.

"लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये घालू?"

"घाला की. बाहुलीला छान होईल."

"आणि मशीन गच्च भरलं तर?"

"मग हवेने फिरायचं कुठून? थोडी जागा ठेवावी माणसाने... दुसऱ्यासाठी." असं म्हणून माझ्याकडे असं बघायचा, की मी उगाचच जाळी पुसायला घ्यायचे.

एकदा मात्र तो हसला नाही. मालिश केंद्राचे टॉवेल हातात घेऊन म्हणाला, "धुतले तरी यातलं तेल पूर्ण जात नाही. शेवटची दहा मिनिटं मशीन गार हवा सोडतं, ती कधी तोडू नका. गरम टॉवेलांची चळत रचली, तर आतल्या आत तापत जाते आणि आपोआप पेटते."

"काडी न लावता?"

"काडी न लावता."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि तरीही मी ते केलं! त्याने दुपारी समोरच्या चहाच्या दुकानात बोलावलं होतं. "एक विचारायचंय... इथे नको, मशीन ऐकतं." निघताना पाहिलं, तर टॉवेलांची आठ मिनिटं बाकी. आठ मिनिटांनी काय होतंय? मी मशीन बंद केलं, गरम टॉवेल चाकांच्या ट्रॉलीत चेपून भरले, वर चादर टाकली. मावशी घोरत होती. मी पळाले.

तीन कप चहा झाला तरी स्वारी हवापाण्यावरच. पठ्ठ्याने कपाचा कान तोडायचा तेवढा बाकी ठेवला होता.

"बराच वेळ झाला," तो शेवटी म्हणाला. "टॉवेल वाट बघत असतील."

"ते कधीच काढले! तुमच्यासाठी आठ मिनिटं आधीच—"

बोलता बोलताच मी उठले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, बघतोस काय? मावशी आत आहे... पळ ना!" मी त्याला पहिल्यांदाच 'अरे' म्हटलं, तेही असं.

दार उघडलं तर जळक्या तेलाचा उग्र वास. ट्रॉलीतून धूर निघत होता, आणि ट्रॉली मी नेमकी मावशीच्या दाराशी लावलेली! त्याने धुलाईतल्या ओल्या चादरी ओढून ट्रॉलीवर टाकल्या आणि ती ढकलत रस्त्यावर नेली. मी नाक दाबून धुरात शिरले.

"काय गं? कोण गेलं?" मावशी डोळे चोळत उठली. मी तिला अक्षरशः फरफटत बाहेर आणलं, तेव्हा ट्रॉलीतून पहिली ज्वाळा वर आली. तो बादल्या ओतत होता. मावशीला मिठी मारून मी हमसून हमसून रडले.

"माझीच चूक, मावशी. शेवटची आठ मिनिटं गार हवा तोडली मी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग काळवंडलेल्या डॉक्टरकडे. "आठ मिनिटं धीर नव्हता होय गं?" एवढंच म्हणाली आणि ती आत खिडक्या उघडायला गेली.

आम्ही पायरीवर बसलो.

"मला वाटलं, तूही आत अडकलीस..." तो घाईघाईने म्हणाला. "मघाशी विचारायचं राहिलं. आपण लग्न—"

"आत्ता नको." मी त्याचा हात घट्ट धरला. "घाबरलोय आपण. दहा मिनिटं थांब."

त्याने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. सहाव्या मिनिटाला हळूच पाहिलं; मी मान हलवली. आठव्या मिनिटाला 'हो' माझ्याच ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं. काटा पुरा फिरू दिला.

"आता विचार," मी म्हणाले.

तो अगदी हळू बोलू लागला. तेवढ्यात आतून मावशी ओरडली,

"मोठ्याने विचार रे डॉक्टर, मी बोळे काढलेत!"