चंद्रावरचं निळं आभाळ

चंद्रावरच्या वसाहतीत, जेवणघराच्या भिंतीवर मुलांनी बाहेरचाच देखावा रेखाटला होता. विवरं, करडे डोंगर, वसाहतीचे घुमट. आता फक्त रंगवायचं राहिलं होतं. उद्या शाल्मलीच्या आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, त्यांच्यासाठी ही भेट.

चंद्रावरच जन्मलेल्या आठ वर्षांच्या शाल्मलीच्या वाट्याला आभाळ आलं. तिनं ते निळंशार रंगवलं.

"अगं, हे काय?" शेजारी डोंगर रंगवणारा तिचा मित्र झुबिन ओरडला. "खिडकीतून बघ. भरदिवसा काळंकुट्ट आहे!"

"आजोबांना निळं आवडतं."

"चूक ती चूकच. पूस ते!"

शाल्मलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात दारातून आजोबाच आत आले. चंद्राच्या मातीचा अभ्यास करत त्यांनी इथं बावीस वर्षं काढली होती. आता हाडं इतकी ठिसूळ झाली होती, की डॉक्टरांनी पृथ्वीवर परतायला कायमची मनाई केली होती.

ते भिंतीकडे बघतच राहिले.

"गुहागरला आमच्या अंगणात बाजेवर पडलं, की अस्संच दिसायचं," ते हळूच म्हणाले. "दिवाळीच्या सुमाराला तर धुऊन वाळत घातल्यासारखं."

"पण सूर्य तोच ना, आजोबा? मग तिथं निळं आणि इथं काळं कसं?"

आजोबांनी खिडकीचा पडदा ओढला. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि एका बाजूनं टॉर्च लावला.

"पाण्यात उजेड दिसतो?"

"नाही. पलीकडे भिंतीवर ठिपका दिसतोय," झुबिन म्हणाला.

"हा आपला चंद्र. वाटेत अडवायला कुणी नाही, उजेड सरळ निघून जातो."

मग त्यांनी पाण्यात चिमूटभर दूध पावडर ढवळली. पेला आतून निळसर उजळला.

"दुधाच्या कणांवर आदळून उजेड उधळला. याला प्रकाशाचं विकिरण (उजेड चहूकडे विखुरणं) म्हणतात. पृथ्वीवर हवेचे रेणू (अतिसूक्ष्म कण) हेच करतात. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. त्यातला तांबडा कमी विखुरतो, निळा खूप जास्त. म्हणून कुठेही बघितलं तरी निळं दिसतं. इथं घुमटाबाहेर हवाच नाही. मग उजेड विखुरणार कोण?"

शाल्मलीनं काळा रंग घेतला. आजोबांनीही एक ब्रश उचलला. दोघांनी मिळून निळं आभाळ झाकून टाकलं.

शेवटचा कोपरा रंगवताना ती थांबली. "खूप उंच घुमट बांधून त्यात हवा भरली तर?"

"कित्येक किलोमीटर उंच लागेल गं."

"एवढा उंच कोण बांधणार?" झुबिननं विचारलं.

"आपण," शाल्मली म्हणाली. "इथं वजन कमी भरतं ना? मग पृथ्वीवरच्यापेक्षा उंच बांधता येईल."

आजोबा हसले. "येईलही. पण तोवर मी नसेन, बाळा."

शाल्मलीनं ब्रश खाली ठेवला. मग त्यांच्याजवळ सरकून म्हणाली, "मग ते निळं आभाळ कसं असतं, ते मला नीट सांगून ठेवा. म्हणजे बरोबर निळं झालं का, ते मला कळेल."

आजोबा रंगाच्या डब्यांमध्येच मांडी घालून बसले. झुबिनही येऊन टेकला.

"सकाळी सातला," त्यांनी सुरुवात केली, "समुद्राच्या बाजूला ते अगदी फिकट असायचं..."