खिशातले कटआउट

"हा शर्ट कधी निघणार खिळ्यावरून? धूळ खातोय नुसता," रघू तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

कमलावहिनींनी ऐकलं. ऐकलं नाहीसं दाखवलं.

हे घडलेलं आहे. रत्नागिरीत, २००३ च्या मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता. आणि कमलावहिनी तिखटमीठ लावणाऱ्यातल्या नव्हेत. बाजारातून आणलेली सुरमईसुद्धा त्या होती तेवढीच सांगतात.

शर्ट त्यांच्या नवऱ्याचा, दत्तारामचा. मोटर वाइंडिंगच्या याच दुकानात महिन्यापूर्वी शॉक लागून तो गेला. रघू त्याचा धाकटा भाऊ.

दत्तारामचा नियम एकच. कामाला हात लावण्याआधी बोर्डातले फ्यूजचे तीनही कटआउट, चिनीमातीचे ते ठोकळे, काढून वीज तोडायची आणि ते खिशात टाकायचे. चालताना ती चिनीमाती खुळखुळायची. त्या आवाजावर वहिनी चहाचं आधण ठेवायच्या.

तो गेला त्या दिवशी मात्र कटआउट बोर्डातच सापडले.

"विसरला असेल," रघू म्हणाला. मग सगळी आळी तेच म्हणाली. वीस वर्षं या कामात घालवली आणि मागे नाव काय उरलं, तर विसरभोळा.

वहिनींच्या गळी ते उतरत नव्हतं.

टेबलावर त्याचं शेवटचं काम पडलं होतं. कॉलेजच्या सरांनी बनवायला सांगितलेली सरळ मोटर. गोल मोटर उभी चिरून चटईसारखी उलगडावी, तशी. कॉइल सगळ्या एका ओळीत. वीज दिली की चुंबकाची लाट या टोकाकडून त्या टोकाकडे धावते आणि वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तिच्यामागे ओढला जातो.

"जपानात अशाच मोटरवर गाडी पळवून बघतात, चाकं न टेकता," दत्ताराम जेवता जेवता सांगायचा. "सरकते दरवाजेपण चालतात हिच्यावर. आणि उलटं पळवायचं, तर तीनातल्या दोन वायरींची अदलाबदल करायची. बस."

सर उद्या मोटर न्यायला येणार होते. रघू वायरी तपासायला टेबलाशी बसला.

"थांब," वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतः तीनही कटआउट काढले. पदरात बांधून गाठ मारली. "हं. आता कर."

पंखा थांबला. दुकान गप्प झालं.

आणि मग...

घूंऽऽऽ

पत्रा हलला.

रघू बसला होता त्या टोकाकडे. सावकाश.

"उतार असेल टेबलाला," रघू म्हणाला. उठून दुसऱ्या टोकाला गेला.

पत्रा थांबला...

आणि उलटा सरकू लागला. पुन्हा रघूकडेच.

वायरींना कुणी बोट लावलं नव्हतं. वीज नसताना ते कसं झालं, हे वहिनींना आजवर कुणी समजावू शकलेलं नाही.

"उतारसुद्धा तुझ्यामागे फिरतो काय रे, मेल्या?" वहिनी म्हणाल्या.



तेवढ्यात मागून... खुळखुळ.

वहिनींनी पदराची गाठ चाचपली. तीनही कटआउट तिथेच.

आवाज खिळ्याकडून येत होता. शर्टाचा खिसा लोंबला होता, आत काही जड असल्यासारखा.

त्यांनी हात घातला...

खिसा रिकामा होता.

पण उबदार होता. अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखा.

रघूने शर्टाकडे बघून हात जोडले.

"वैनी, दादा विसरला नव्हता. उकडत होतं म्हणून शर्ट टांगलान् त्याने. मला वाटलं, जेवायला घरी गेला. मला पत्रा पळताना बघायचा होता गो... खिशातले कटआउट मीच काढले. मीच लावले."

पत्रा थांबला.

"दादा टेबलाखाली वायरी जोडत होता."