रविवारची वीस गाणी

त्र्याहत्तर साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुडला रविवारी संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. रेडिओवर आठवड्याची पहिली वीस गाणी लागायची ना! कुठलं विसाव्या नंबरवर घसरलं आणि कुठलं पहिलं आलं, ते ऐकायला सगळी पोरं रेडिओला चिकटलेली. त्या पोरांत बासष्ट वर्षांचा एक म्हातारा, मी, विल्फ्रेड.

मला त्या गाण्यांचं कौतुक नव्हतं. केस वाढवलेले ते पोरगे पोटात कळ आल्यासारखे ओरडायचे. पण माझी लेक ग्लेंडा नवऱ्याबरोबर, ट्रेव्हरबरोबर, ऑस्ट्रेलियात गेली होती आणि ही गाणी तिकडे फार उशिरा पोचायची. म्हणून स्वयंपाकघरात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी ती टिपायचो. निवेदकानं तोंड उघडलं की टेप थांबवायचं बटण दाबायचं, गाणं सुरू झालं की सोडायचं. ते संपेपर्यंत खोकायचं नाही, खुर्ची हलवायची नाही. माइक सगळं पकडतो. पूर्वी ग्लेंडा मला डोळे वटारून गप्प बसवायची. आता गप्प बसवायला कोणी नव्हतं आणि बोलायलाही.

शेवटी थोडी टेप उरायची. तिच्यावर मी खुशाली सांगायचो आणि सोमवारी कॅसेट पोस्टात टाकायचो. पत्र लिहिणं मला कधी जमलं नाही. तीही कॅसेटवरच उत्तर द्यायची. दर वेळी मी कान देऊन शेवटपर्यंत ऐकायचो, "इकडेच या राहायला" असं म्हणते का ते. आपण होऊन विचारायला जीभ रेटत नव्हती.

मार्चमध्ये ती म्हणाली, "डॅड, गाण्यांच्या मागे कोण बाई गुणगुणतेय? गोड आहे हं गळा!"

मला हसू आलं. ट्रामच्या विजेच्या तारा दुरुस्त करण्यात माझी हयात गेली होती. परक्या स्टेशनचा आवाज मिसळला असणार.

पुढच्या कॅसेटवर ती खट्याळपणे म्हणाली, "लबाड आहात! साखर किती घालू, असं विचारते ती तुम्हाला. तिला म्हणावं, गाणं चालू असताना कप वाजवू नकोस."

मी चहात साखर घेत नाही. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पुढच्या रविवारी खिडकी लावली, दाराला कडी घातली, घड्याळसुद्धा माडीवर नेऊन ठेवलं. गोदीतल्या मासळीचा वास तेवढा आत राहिला. वीस गाणी होईपर्यंत मी श्वासही जपून घेतला. काहीच ऐकू आलं नाही. टेप मात्र पुन्हा लावून पाहिली नाही; तो गोंगाट एकदाच पुरे होता.

मग ती कॅसेट आली. "डॅड, मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय. ट्रेव्हर कागदपत्रांचं बघतोय. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी रडलो, खरंच सांगतो. त्या रविवारी पहिल्या नंबरचं गाणं संपल्यावर माइक ओठांशी धरून म्हणालो, "हो, येतो पोरी. लवकर बोलाव."

तिचं उत्तर आलं तेव्हा आवाज उतरलेला होता.

"तिनं समजावलं सगळं. तुम्हाला ते घर सोडवत नाही, तर मी आग्रह करत नाही. खोली ट्रेव्हरच्या आईला देतोय. पण डॅड, तुम्ही स्वतः सांगितलं असतंत तर बरं वाटलं असतं."

मी उभ्या उभ्याच नवी कॅसेट घातली. रेडिओ बंद होता, तरी त्याची वायरही भिंतीतून उपटली.

"इथं कोणी बाई नाही. मी येतोय. माझी खोली कुणाला देऊ नकोस."

टेप मागे फिरवली. पहिल्यांदाच ऐकायला बसलो.

माझं एकही वाक्य तिच्यावर नव्हतं.

"आता कॅसेट नको पाठवूस हं, ग्लेंडा," एक बाई मायेनं म्हणाली. "ते मजेत आहेत. हवं तर त्यांनाच विचार."

मग एक पुरुष हसला. जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. आवाज माझा होता.

"खरंय पोरी," तो म्हणाला. "आम्ही दोघं इथंच बरे."

"ग्लेंडा, तो मी नाही!" मी जीव तोडून ओरडलो.

ओठ हलले. घसा दुखला. स्वयंपाकघरात काहीच ऐकू आलं नाही.