खंडेनवमीची काडतुसं

रायफल फुटून शिवकाकांचा उजवा डोळा गेला आणि तो केयाने घालवला, हे अमेरिकेतल्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी घरांनी दुपारच्या जेवणाआधीच ठरवून टाकलं होतं. उत्तरा दीक्षित संध्याकाळी काकांच्या घरी पोचली ती याच संतापात. खाजगी तपासनीस होण्याआधी ती धातूंची इंजिनिअर होती, आणि पुराव्याआधी निकाल देणाऱ्यांचा तिला तिटकारा होता.

काका हॉस्पिटलात अजून बेशुद्ध होते, म्हणून ती थेट नेमबाजीच्या रेंजवरून आली होती. तिथे फुटलेली रायफल तिने पाहिली. बोल्टच्या, म्हणजे दर गोळीनंतर ओढून उघडायच्या खिटीच्या, दांड्यावर काळे, रबरी ओरखडे होते. फुटण्याआधी झाडलेल्या तीन गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिने मागून आणल्या होत्या.

देवघरात काकांची रायफल, काडतुसं भरायचं यंत्र आणि एक मिटलेला डबा मांडला होता. सगळ्यावर हळदकुंकू आणि झेंडू.

"उद्या पूजा उठवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," सुलेखाकाकू म्हणाल्या. "म्हणून तर हे सुशांतची रायफल चालवायला गेले."

केया, काकांची पुतणी, देवघराच्या बाहेरच उभी होती. "इट वॉज माय बॅच, उत्तरामावशी. काकांनी शिकवलं, आयुष्यात पहिल्यांदाच काडतुसं भरली, तो देवापुढचा एकच डबा. बंदुकीची पावडर जास्त पडली असणार."

"झालं! केस क्लोज," उल्हास म्हणाला. उत्तराचा हा नवरा गाडी चालवायला आणि नको तेव्हा बोलायला नेहमी बरोबर असे.

काकांचा मित्र सुशांत सोफ्यावर बसला होता. "काकांनी पूजेआधी त्या डब्यातून केयाचीच थोडी काडतुसं काढून आणली होती, उत्तराताई. पहिल्या तीन गोळ्या स्मूथ गेल्या. बोल्ट एका बोटाने उघडत होता. चौथीला रायफल फुटली."

"तुझ्या बॅगेत रबरी हातोडा दिसतोय."

"टार्गेटचे खुंट ठोकायला लागतो."

उत्तराने तीन पुंगळ्या टीपॉयवर आपटल्या.

"खोटं! हे बघ. बुडातल्या प्रायमरची, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीची, कड गोल राहायला हवी, ही चेपून सपाट झालीय. शेजारी पितळेवर चकचकीत घासलेला डाग आहे. तिन्हींवर तेच. आत दाब भलताच वाढला की असं होतं, आणि बोल्ट अडकतो. तू तो हातोड्याने ठोकून उघडलास. दांड्यावर तुझं रबर लागलंय. तीनदा धोका दिसला, तरी चौथी गोळी काकांच्या हातात दिलीस!"

"म्हणजे केयाने पावडर जास्त..." उल्हास पुटपुटला.

"काकू, पूजेला हात लावते, माफ करा." उत्तराने झेंडू बाजूला सारून डब्याचं झाकण उघडलं. एकही खाच रिकामी नव्हती. "केयाची काडतुसं सकाळपासून इथे देवापुढे आहेत. पूजेला हात लावायचा नाही, म्हणून कुणी उघडून पाहिलंच नाही. मग रेंजवरची कुणाची होती, सुशांत?"

सुशांत घामाघूम झाला. "पुस्तकातल्या मापापेक्षा थोडी जास्त पावडर घालतो मी. गोळीचा वेग वाढतो. नेहमी चालतं, यार..."

"आणि ही पोरगी दिवसभर स्वतःला गुन्हेगार समजत होती, ते पाहत बसलास!"

केया आता मोठ्याने रडत होती. काकूंनी तिला हाताला धरून देवघरात आणलं आणि मग सुशांतकडे वळल्या.

"उद्या दसरा आहे," त्या म्हणाल्या. "सोनं घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."