डिकीतून ऐकलेलं

सिग्नलला माझ्या स्कूटरपुढे एक पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती. दिसायला अशी देखणी, की बघतच राहावं. पण आवाज? आत लावलेलं गाणं राहिलं बाजूलाच. सबवूफरच्या प्रत्येक ठोक्याला मागची नंबर प्लेट अशी थडथडत होती, की माझे दात शिवशिवले.

माझा स्वभावच वाईट. चुकीचा आवाज कानावर पडला की मला गप्प बसवत नाही. मी स्कूटर स्टँडला लावली, पुढे गेले आणि नंबर प्लेट तळहाताने दाबून धरली. थडथड बंद!

गाडीचं दार उघडलं. आधी पांढरा कोट बाहेर आला, मग भेदरलेला चेहरा.

“अहो... काय करताय?”

“तुमच्या गाडीला गप्प करतेय.”

मी हात काढला – थडथड. ठेवला – बंद. पुन्हा काढला. तो आधी नुसता बघत राहिला आणि मग हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, हे मी तेव्हाच पाहिलं; उगाच खोटं कशाला बोलू? मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले.

“पुढच्या वळणावर आमचं दुकान आहे. या मागोमाग,” मी म्हणाले. आणि तो आला की!

दुकान बाबांचं. पुढच्या बाजूला बाबा गाड्यांना स्पीकर बसवतात, मागच्या शेडमध्ये मी गाड्यांची खडखड बंद करते. बाप आवाज विकतो, लेक शांतता. पिवळ्या गाडीचा मालक दातांचा डॉक्टर निघाला.

“दिवसभर कानाशी मशीनची घरघर,” तो सांगू लागला. “जाता-येता तरी दोन गाणी ऐकावीत म्हटलं, तर रस्त्याचाच आवाज आत घुसतो. गाणं मोठं करावं, तर ही खडखड.”

“गाडी सोडा इथे. तिला मी माणसात आणते.”

मी सीट काढल्या, गालिचा उचलला. चाकांवरच्या पत्र्याला काळी चिकट शीट लावून रोलरने दाबली, वर फोम बसवला. रस्ता बराच बाहेर राहिला. खडखड शोधायची माझी पद्धत मात्र वेगळी आहे. सबवूफरवर एकच जाडा सूर लावायचा, तो हळूहळू चढवत न्यायचा आणि आतला एकेक भाग हाताने दाबत जायचं. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबेल, तिथे चोर. याला दोन माणसं लागतात. म्हणजे, बाबा होते की... पण डॉक्टर रोज संध्याकाळी क्लिनिक बंद करून यायला लागला आणि बाबांना नेमकं तेव्हाच पुढे फार काम निघायला लागलं.

“इथे?” अंधाऱ्या कोपऱ्यात चाचपडत तो विचारायचा.

“थोडं डावीकडे.”

“इथे?”

“तो माझा हात आहे, डॉक्टर.”

“तरीच... थडथडतोय,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच धिटाईने कानापर्यंत लाल झाला.

“एवढ्या वेळात मी चार गाड्या हातावेगळ्या केल्या असत्या,” बाबा पुढून ओरडले.

“चांगल्या कामाला वेळ लागतो, बाबा!”

“दिसतंय गं, दिसतंय!”

आणि मग एका संध्याकाळी, मी डिकीचं अस्तर बसवत असताना, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “दुसऱ्या शहरात माझ्या काकांचं क्लिनिक आहे. व्याप वाढलाय, मी तिकडेच यावं म्हणतात. सोमवारी कळवायचंय.”

“मग... जाणार?”

“जायला हरकत नाही. इथे अडवणारं कुणी नाही.” आता मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं.

भर रस्त्यात परक्याच्या गाडीला हात घालणारी मी – आणि मी काय म्हणाले? “छान!” छान म्हणे! माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. तो मान हलवून निघून गेला. मी मात्र घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

रविवारी सकाळी गाडी तयार झाली. पण चालताना मागून बारीकसं ‘टक’ ऐकू येत होतं. तेवढं सापडलं की काम संपलं... आणि तोही गेला. तो स्टिअरिंगला बसला आणि मी टॉर्च घेऊन डिकीत शिरले. पहिल्या दिवशीही अशीच शिरले होते. तेव्हा “थांबा, थांबा” म्हणून घसा कोरडा पडला तरी रस्त्याच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. डिकीतलं पुढे जात नाही आणि पुढचं डिकीत येत नाही, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

शेडमागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालू लागली. काय शांतता होती! मी स्वतःवरच खूश झाले. एवढ्यात पुढून आवाज आला.

“हं. तर... मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. छे! असं तर मी दाढ काढताना सांगतो.”

मी श्वास रोखला. ज्यांची तोंडं उघडी आहेत आणि ज्यांना उत्तर देता येत नाही अशांशी बोलायची सवय याला. समोरचं माणूस गप्प आहे म्हटल्यावर त्याच्या बोलण्याची गाडी सुसाट सुटली.

“तुम्ही मला आवडता. त्या सिग्नलपासून. गाडी तर केव्हाच शांत झाली होती, मीच रोज नवी खडखड सांगत होतो. मला नाही जायचं काकांकडे. तुम्ही नुसतं ‘नका जाऊ’ म्हणालात ना, तरी...”

टक. माझ्या कानाशीच वाजलं. टॉर्च वळवली. अस्तराची एक क्लिप दाबायचीच राहिली होती. मी बसवलेल्या अस्तराची! दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर मी आठवडाभर चिडवलं असतं.

“डॉक्टर,” मी म्हणाले. ओरडावंही लागलं नाही. “गाडी थांबवा.”

करकचून ब्रेक लागला.

“तुम्हाला... ऐकू येतं?”

“शब्दन् शब्द.”

“कुठपासून?”

“दाढेपासून.”

डिकी उघडली. मी उठून बसले, केसांत फोमचा भुगा. समोर तो, ओठ घट्ट मिटलेले.

“बोला की. आत्ता तर छान बोलत होता.”

“तेव्हा तुम्ही उत्तर देणार नव्हता.”

“आता देणार आहे. उघडा तोंड.”

तो हसायला गेला, पण जमलं नाही. खरंच घाबरला होता. आणि मी काही कमी घाबरले नव्हते. माझी सगळी चेष्टा तिथेच संपली. मी क्लिपकडे बोट दाखवलं.

“ही खडखड माझी. बसवायची राहिली. असं माझ्याकडून कधी होत नाही.”

“मग आता कसं झालं?”

“तुम्ही काकांचं सांगितलंत तेव्हा हेच काम चाललं होतं. मग... हातच चालेना.” मी क्लिप दाबून बसवली. “छान म्हणाले मी. काही छान नव्हतं. नका जाऊ. तुम्ही मला हवे आहात.”

“परत म्हणा.”

“ऐकलंत ना एकदा?”

“ऐकलं. तरी म्हणा.”

मी म्हणाले. या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून.

तो माझ्या शेजारी डिकीच्या काठावर टेकला. खळी आता लपता लपत नव्हती. एका हाताने त्याने माझा हात धरला आणि दुसऱ्याने फोन लावला.

“काका, मी येत नाहीये... नाही, पगाराचं नाही... हो, कारण आहे... अहो, खरंच आहे... थांबा, देतो.”

आणि त्याने सरळ फोन माझ्या कानाला लावला.

“हॅलो? कोण बोलतंय?” पलीकडून जाड आवाजात काकांनी विचारलं.

“नमस्कार, काका,” मी म्हणाले. “मी ते कारण.”