आरोहीची हाक

कळंबच्या बाजारातून शिबिरासाठी पीठ, डाळ, तेल घेऊन झालं, तशी शिवकांताबाईंनी जीप बंडप्पा आडत्याच्या दुकानासमोर उभी केली. त्याची मुलगी आरोही सोबत न्यायची होती. दहावीतली पोर. बोलताना अडखळायची, म्हणून वर्गात तिची नक्कल व्हायची. आधी तिनं शाळेत तोंड उघडायचं सोडलं आणि दिवाळीनंतर शाळाच सोडली.

"ताई, हिला नीट बोलता यावं, एवढंच बघा," बंडप्पा म्हणाला.

बाईंनी नुसती मान हलवली. हो म्हणायचंसुद्धा जिवावर आलं होतं. नापास झालेली, घरातून पळालेली, अंधाराला भिणारी अशी पोरं घेऊन त्या वर्षानुवर्षं बालाघाटाच्या डोंगरात जात होत्या. वाट शोधायला, चूल पेटवायला, रानात एकटं बसायला शिकवायचं. पोरं मान वर करून घरी जायची. बाईंचे गुडघे तेवढे झिजत जायचे. हे शिबिर झालं की बास, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिबिराच्या माळाखाली एक अरुंद दरी होती. वर सीताफळीची झाडी, खाली काळा कातळ. भर उन्हातही तळातून कुजल्या पानांचा वास वर यायचा. शिबिर संपत आलं की बाई पोरांना दरीच्या काठावर उभं करत आणि ज्याचं त्याला आपलं नाव मोठ्यानं पुकारायला लावत. दरीनं आपलं नाव परत दिलं की भित्र्यातल्या भित्र्या पोराच्या तोंडावर हसू यायचं.

या शिबिराच्या शेवटच्या दुपारीही तसंच चाललं होतं. मोनिका नावाच्या धीट पोरीनं हाक मारली, सगळी खिदळली. मग आरोही पुढं झाली.

"आ... आ... आरोही."

खालून आवाज आला, "आरोही."

स्वच्छ. कुठंही न अडखळता.

पोरं हसण्यात होती, त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाईंच्या आलं. पण त्या फार दमल्या होत्या. वाऱ्यानं आवाज तुटला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि बाटलीतलं पाणी प्याल्या.

आरोही मात्र काठावरून हलेना. ती अडखळत हाक मारत राहिली, दरी सरळ उत्तर देत राहिली. मग एकदा हाक अर्धीच थांबली. ती वाकून खाली बघत राहिली. वळली तेव्हा तिचा चेहरा अगदी शांत होता.

जेवताना मोनिका म्हणाली, "ताई, भाकर वाढा की."

"ताई, भाकर वाढा की," आरोही म्हणाली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी भाकरी वाढली. खोदून विचारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. एक पोर बरी झाली, त्यांना तेवढं पुरे होतं.

सकाळी बंडप्पा आला. "चल बाळा, घरी जाऊ."

"घरी जाऊ," आरोही म्हणाली.

बंडप्पाला रडू आवरेना. त्यानं बाईंचे पाय धरले. बाकीच्या पोरांनाही त्याच गाडीत घेतलं. गाडी गेली, धूळ बसली. बाई एकट्याच तंबूची दोरी गुंडाळत राहिल्या.

तेवढ्यात दरीतून आवाज आला.

"ता... ता... ताई."

दोरी हातातच राहिली. आवाज पुन्हा आला. बाई झाडांना धरत धरत खाली उतरल्या. तळाशी ऊन पोचत नव्हतं. माणूस कुठं दिसत नव्हतं.

"कोण हाय?"

"मी... आ... आ..."

अडखळणाऱ्याचा शब्द दुसऱ्यानं पुरा करायचा नाही, हे बाई सगळ्या पोरांना बजावत. त्या कातळावर बसल्या आणि थांबल्या.

"आरोही. अ... अप्पा गेले?"

"गेले."

"ति... तिला घिऊन?"

"व्हय."

मग कुणीतरी हळूच नाक ओढलं.

"चल माझ्यासंगं," बाई म्हणाल्या. चढताना मागं पाचोळा वाजत होता. काठापाशी तो थांबला. बाई पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. पाचोळा तिथंच थांबला.

त्यांनी बंडप्पाला फोन लावला. "पोरीला एकदा परत आणा हितं."

"परत डोंगरात? न्हाय ताई. लई गोड बोलायलीय. आपण म्हणू तेच म्हणती, उलट शब्द न्हाय. शाळेत जायला तयार झालीय. आता मोडू नका."

त्याच्या मागून पोरीचा आवाज आला, "आता मोडू नका."

बाईंनी फोन ठेवला. मग त्या घरी गेल्याच नाहीत. माळावर एक तंबू ठेवला. दुपार कलली की खाली उतरायच्या आणि दिसत नसलेल्या त्या पोरीला शिकवायच्या. श्वास घे. घाई करू नको. आपलाच शब्द हाय, तो कुठं जात न्हाय. आवाज हळूहळू सुधारत होता. कधी अख्खं वाक्य सरळ यायचं. त्या दिवशी बाईंना वर चढताना जरा कमी दम लागायचा.

एका संध्याकाळी एक वाक्य मधेच तुटलं.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"ताई... रोज वर जाताना तुमी त्यांना हितंच का ठि... ठिवून जाता?"

"कुणाला?"

"तुमच्या शे... शेजारी बसल्यात. तु... तुमच्यावानीच दिसत्यात. त्या क... क..."

बाईंनी मान वळवली नाही. पोरीचा शब्द पुरा व्हायचा होता. मांडीवर हात घट्ट धरून त्या थांबल्या. डाव्या बाजूचा पाचोळा हलकेच दबला.